आधी गाणं, नंतर आयुष्य

२६ जुलै २०२४ ची रात्र. पॅरिस ऑलिंपिकचं उद्घाटन आपल्याकडे अकराला सुरू झालं, ते संपता संपता पहाटेचे तीन वाजत आले. दुसऱ्या दिवशी शनिवार, म्हणून भाची माझ्याकडे राहायला आली होती. आतल्या खोलीत आई झोपलेली, त्यामुळे टीव्हीचा आवाज अगदी बारीक. सेन नदीतून एकेका देशाच्या बोटी सरकत होत्या, तिकडे धो धो पाऊस, आणि आम्ही दोघी एकाच चादरीत पाय घेऊन पेंगत होतो. मग आयफेल टॉवरच्या पहिल्या मजल्यावर, मण्यांनी जडवलेल्या पांढऱ्या झग्यात सेलिन डिऑन उभी राहिली. शेजारी काळा पियानो, त्याच्या अंगावर पावसाचे टपोरे थेंब. आजारपणामुळे चार वर्षांहून जास्त काळ ती लोकांसमोर गायली नव्हती. तिनं जुन्या फ्रेंच गायिका एदित पियाफचं ‘इम्न आ लामूर’, म्हणजे प्रेमाचं स्तोत्र, गायला घेतलं आणि आईची झोप विसरून मी आवाज वाढवला.

गाणं संपलं तेव्हा भाची टक्क जागी होती. पुण्यातली पुष्कळ मुलं घेतात तसं तिनंही अकरावी-बारावीला मार्कांसाठी फ्रेंच घेतलं होतं, आणि या गाण्यापुरतं ते पुरलं होतं. “मावशी, हे पियाफनं त्या बॉक्सरवर लिहिलं ना? विमान अपघातात गेला तो?” मी म्हटलं, “त्याच्यावरच. पण तो गेल्यावर नाही, आधी.” ती गप्प झाली. मग म्हणाली, “पण त्यात ‘तू मेलास तर’ असं आहे.” “आहे.” “म्हणजे तिला आधीच कळलं होतं?” मला उत्तर सुचलं नाही. झोप आता, म्हटलं. ती झोपलीही. मी मात्र उजाडेपर्यंत कूस बदलत राहिले, आणि पुढे कित्येक दिवस चाकणच्या कुठल्याशा कारखान्याच्या माहितीपुस्तिकेचं भाषांतर करताना मधेच हात थांबून तोच प्रश्न समोर यायचा.

पियाफ आणि मार्सेल सेर्दां यांची गोष्ट फ्रान्समध्ये लहान पोरांनाही ठाऊक असते. तो कासाब्लांकात वाढलेला मुष्टियोद्धा, घरी बायको आणि तीन मुलगे. ती पॅरिसच्या रस्त्यावर गात वाढलेली, उंचीनं पाच फूटही नाही. १९४८ च्या सप्टेंबरात तो मिडलवेट गटाचा जगज्जेता झाला, पुढच्या जूनमध्ये जेक लामोटाकडून हरला. परतीच्या लढतीसाठी त्याला अमेरिकेला जायचं होतं, आणि पियाफ न्यूयॉर्कच्या ‘व्हर्साय’ या क्लबात गात होती. बोटीनं येऊ नकोस, विमानानं ये, असा हट्ट तिनंच धरला असं सांगतात. २८ ऑक्टोबर १९४९ ला ते विमान अझोर्स बेटांवरच्या डोंगरावर आदळलं. ४८ माणसं गेली. त्याच संध्याकाळी पियाफ ‘व्हर्साय’मध्ये गायला उभी राहिली. आणि हे गाणं? शब्द तिचे, चाल मार्गरीत मोनोची, आणि ते तिनं त्याच क्लबात लोकांसमोर पहिल्यांदा म्हटलं ते सप्टेंबरात. म्हणजे सेर्दां तेव्हा धडधाकट होता. ‘एखाद्या दिवशी आयुष्यानं तुला माझ्यापासून हिसकावून नेलं’ हे ती प्रेमाच्या भरात म्हणत होती, कुठलीही प्रेमिका बोलेल तसं. दीड महिन्यात ते सगळं तिच्याच अंगावर आलं. रेकॉर्ड झाली १९५० मध्ये. आपण जो आवाज ऐकतो तो अपघातानंतरचा. आधीच्या त्या दीड महिन्यात, ज्याच्यावर गाणं आहे तो माणूस जिवंत असताना, ते कसं वाजलं असेल याचा मी खूपदा विचार करते. कदाचित थोडं हसतही म्हटलं असेल तिनं.

‘नों, ज न रग्रेत रियां’, म्हणजे नाही, मला कशाचाच पश्चात्ताप नाही, या गाण्याबद्दलही असाच समज आहे की हे पियाफनं स्वतःच्या आयुष्याचा हिशेब मांडून लिहिलं. ते तिचं नाहीच. चाल शार्ल द्यूमोंची, १९५६ पासून तयार होती. शब्द मिशेल व्होकेर यांचे. १९६० च्या ऑक्टोबरात हे दोघं तिच्या घरी गेले तेव्हा ती आजारी होती, चिडलेली होती, भेटायलाही तयार नव्हती. द्यूमोंनं पियानोवर बसून ते एकदा म्हटलं आणि मग ती त्याला पुन्हा पुन्हा तेच म्हणायला लावत राहिली. त्या हिवाळ्यात तिनं पॅरिसच्या ‘ऑलिंपिया’त हे गाणं गायलं आणि दिवाळ्याच्या काठावर आलेलं ते थिएटर वाचलं. तीन वर्षांनी, १० ऑक्टोबर १९६३ ला, ती गेली. वय सत्तेचाळीस. दुसऱ्या कोणीतरी चार वर्षं आधी गुणगुणलेली चाल, आणि ती मालकी हक्कानं हिच्या नावावर चढली.

माझी आणि या मंडळींची ओळख झाली रानडे इन्स्टिट्यूटमध्ये. नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस. फर्ग्युसन रस्त्यावरची ती दगडी इमारत, संध्याकाळचा वर्ग, खिडकीतून येणारा वडापावचा वास आणि बसचे हॉर्न. आमच्या मॅडम पिशवीतून एक टेपरेकॉर्डर काढायच्या, त्याची वायर नेहमी आखूड पडायची, मग कोणीतरी टेबल ओढून भिंतीशी न्यायचं. कॅसेट कशाच्या तरी वरून उतरवलेली असायची, त्यामुळे आधी खरखर, मग अकॉर्डियन, मग आवाज. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा हातात चक्रमुद्रित कागद, गाण्याचे शब्द आणि मधेमधे गाळलेल्या जागा. ऐका आणि भरा. प्रेम, मृत्यू, पाऊस, रेल्वे स्टेशन या सगळ्यांना आम्ही पहिल्यांदा भेटलो ते गाळलेल्या जागा म्हणून, आणि मला ते मनापासून आवडायचं. एकेक शब्द हाती लागताना छातीत काहीतरी व्हायचं. घरी बाबांना भावगीतांचं वेड. गजाननराव वाटव्यांना त्यांनी गणपतीत चौकात बसून ऐकलं होतं. शब्द स्वच्छ आले पाहिजेत, तान नको, असं त्यांचं म्हणणं. म्हणून असेल, पण फ्रेंच गाणारी ही माणसं मला परकी वाटली नाहीत. तीही आधी सांगतात, मग गातात.

मॅडमच्या घरी दिवाणखान्यात एक पोस्टर होतं. अजून ते कोणाच्या भिंतीवर दिसलं की मी थबकते. ६ जानेवारी १९६९ चा फोटो, छायाचित्रकार जाँ-पिएर ललवार. एका टेबलाभोवती तीन गायक, पुढ्यात मायक्रोफोन, ग्लास आणि धूरच धूर: जाक ब्रेल, लेओ फेरे, जॉर्ज ब्रासँस. रेडिओच्या मुलाखतीसाठी हे तिघं त्या एकाच दिवशी एकत्र बसले होते. ब्रासँसच्या हातात पाइप, मिशांआड अर्धं हसू. फेरे माझ्या फार जवळचा कधी झाला नाही. त्याचं ‘अव्हेक ल तां’ सोडलं तर मला तो भाषण करतोय असं वाटतं. पण ते एक गाणं असं आहे की ते मी दिवसाउजेडी लावत नाही. ब्रेलचं मात्र वेगळं. ब्रेल खरं म्हणजे बेल्जियमचा, पण फ्रेंच गाण्याबद्दल बोलताना त्याला बाहेर ठेवणं कोणाला जमलेलं नाही. तो गाताना घामानं निथळायचा, चेहऱ्याचा एकेक स्नायू हलायचा, आणि १९६७ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्यानं गाण्याचे कार्यक्रम सोडले ते सोडलेच.

त्याचं ‘ले व्हिय’, म्हणजे म्हातारी माणसं, हे गाणं आम्हाला वर्तमानकाळाच्या सरावासाठी होतं. १९६३ चं गाणं, ब्रेल तेव्हा चौतीस वर्षांचा. त्यातली म्हातारी माणसं बोलत नाहीत, बोलली तर डोळ्यांच्या कडांनी. त्यांच्या घराला स्वच्छतेचा आणि लव्हेंडरचा वास. पियानो मिटलेला, मांजर मेलेलं. त्यांचं जग आक्रसत जातं. आधी पलंगापासून खिडकीपर्यंत, मग पलंगापासून खुर्चीपर्यंत, मग पलंगापासून पलंगापर्यंत. आणि दिवाणखान्यात एक घड्याळ, ते कधी हो म्हणतं, कधी नाही म्हणतं, आणि मग म्हणतं, मी तुमची वाट बघतोय. मला गाळलेल्या सगळ्या जागा बरोबर आल्या होत्या. मॅडमनी कागदावर शाबासकी लिहिली होती. त्या वयात मला त्या घड्याळाची गंमत वाटली होती, बोलकं घड्याळ म्हणून.

आमच्या कोथरूडच्या घरातही एक ठोक्यांचं घड्याळ होतं, आजोबांचं. दर रविवारी सकाळी बाबा स्टूल घेऊन त्याला चावी द्यायचे. चावी पितळी, फुलपाखरासारख्या पंखांची, ती घड्याळाच्याच पोटात ठेवलेली असायची. झाकण उघडलं की आतून तेलाचा आणि जुन्या लाकडाचा वास यायचा. बाबा मोजून पीळ द्यायचे, शेवटच्या पिळाला हात हलका करायचे, कान लावून ऐकायचे, मग लंबकाला बोटानं जरासा धक्का. निवृत्तीनंतर ते रोज सारसबागेपर्यंत चालत जायचे. मग ते कोपऱ्यावरच्या पेपरवाल्यापर्यंत आलं. मग गॅलरी. एका रविवारी त्यांनी स्टूल काढलं, हात टेकवून त्याच्याकडे बघत उभे राहिले आणि मला म्हणाले, “आज तू दे.” एवढंच. मी चावी दिली. आतली स्प्रिंग करकरत होती, आणि माझ्या कानात त्या वर्गातली खरखर सुरू झाली. पलंगापासून खिडकीपर्यंत, पलंगापासून खुर्चीपर्यंत. मी स्टुलावर तशीच उभी राहिले. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, काय झालं, लागतंय का? त्यानंतर बाबांनी चावीचं नाव काढलं नाही. दोन दिवाळ्यांनंतर ते गेले, पलंगावरच.

चौतीस वर्षांच्या त्या माणसाला हे सगळं कुठून कळलं?

ब्रेलवर स्वतःवर तर ते कधी आलंच नाही. गाण्याचे कार्यक्रम सोडून तो सिनेमात गेला, विमानं चालवली, शिडाच्या बोटीनं समुद्र ओलांडून प्रशांत महासागरातल्या मार्केसास बेटांवर हिवा ओआला जाऊन राहिला. तिथे छोट्या विमानातून तो बेटांवर टपाल पोचवायचा, आजाऱ्यांना न्यायचा. १९७८ च्या ऑक्टोबरात कर्करोगानं गेला तेव्हा पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. हिवा ओआच्या टेकडीवरच्या दफनभूमीत, चित्रकार गोगँच्या जवळच, त्याची कबर आहे. खिडकी, खुर्ची, घड्याळ यातलं काही त्याच्या वाट्याला आलं नाही. म्हणजे त्यानं पुढचं पाहिलं नव्हतं. त्यानं कोणाकडे तरी, एखाद्या आजी-आजोबांकडे, शेजाऱ्यांकडे, फार वेळ टक लावून पाहिलं होतं. पडदा किती उघडला, चहाचा कप कोणत्या हातानं उचलला. भाचीच्या प्रश्नाचं माझं उत्तर निघालंच तर इथून कुठूनतरी निघेल असं मला वाटतं. पण मग पियाफचं काय, हे उरतंच. तिनं कोणाकडे पाहून लिहिलं असेल?

दुभाषी म्हणून काम करताना एकदा मला माँपेल्येहून पर्पिन्यांला जायचं होतं. गाडीनं सेत हे गाव सोडलं आणि एकदम दोन्ही बाजूंना पाणी आलं. डावीकडे भूमध्य समुद्र, उजवीकडे ‘तो’ नावाचं खाऱ्या पाण्याचं विस्तीर्ण सरोवर, मधून वाळूची पट्टी आणि त्यावरून रूळ. सरोवरात दूरवर कालवांच्या शेतीचे सांगाडे रांगेनं उभे होते, कोवळ्या उन्हात पाणी चंदेरी झालं होतं. गायक शार्ल त्रेनेनं १९४३ मध्ये याच मार्गावर, याच पाण्याकडे बघत ‘ला मेर’, म्हणजे समुद्र, हे गाणं लिहिलं. त्याच्याबरोबर पियानोवादक लेओ शोलियाक होता. त्या साली हा सगळा किनारा जर्मन फौजांच्या ताब्यात होता. गाण्यात त्याचा मागमूस नाही. समुद्र आहे, पांढरी मेंढरं आहेत, पाऊस आहे, सरोवरांकाठचे ओले बोरू आहेत. त्रेनेनं ते लगेच रेकॉर्डही केलं नाही, रेकॉर्ड आली १९४६ मध्ये. म्हणजे डब्यात बसून लिहिलं ते एका मिटलेल्या, पहाऱ्यातल्या किनाऱ्यावर, आणि लोकांनी ऐकलं तेव्हा त्याच किनाऱ्यावर पोरं पुन्हा पोहायला जाऊ लागली होती. गाणं तेच. मी खिडकीच्या काचेला कपाळ लावून ते मनात म्हणून बघितलं. गाडीच्या ठेक्यात ते इतकं नेमकं बसतं की त्याचा जन्म रुळांवरचा आहे यात शंका राहत नाही. शेजारच्या बाई विणकाम करत होत्या, त्यांनी मान वर करून पाहिलं आणि हसल्या. माझे ओठ हलत असणार.

परतताना सेतला उतरले ती ब्रासँससाठी. तो याच गावचा. १९६६ मध्ये त्यानं सात मिनिटांहून लांब असं एक गाणं केलं. गाणं कसलं, विनंतीअर्जच तो, की मला सेतच्या किनाऱ्यावर पुरा. घराण्याची कबर भरून गेली आहे, तिथे कोणाला ‘जरा सरका’ म्हणणं बरं नाही, तेव्हा वाळूत, पाण्याच्या अगदी काठाशी एक छोटा खड्डा खणा, वर एखादा पाइन लावा. गावाच्या दुसऱ्या थोर सुपुत्राची, कवी पॉल व्हालेरीची, तो नम्रपणे क्षमा मागतो. व्हालेरी टेकडीवरच्या, समुद्राकडे तोंड केलेल्या दफनभूमीत आहे, आणि ब्रासँस म्हणतो की निदान माझी जागा तुमच्यापेक्षा समुद्राच्या जास्त जवळ असू द्या. मृत्यूबद्दलचं इतकं आनंदी गाणं मी दुसरं ऐकलेलं नाही. १९८१ मध्ये साठी पूर्ण झाल्यावर आठवड्याभरातच तो गेला. पुरलं त्याला सेतमध्येच, पण किनाऱ्यावर नाही. ल पी नावाच्या दफनभूमीत, जिला गाव गरिबांची म्हणून ओळखतं, आणि ती आहे पलीकडच्या बाजूला, त्या सरोवरासमोर. म्हणजे त्रेनेला गाडीतून दिसलेलं पाणी आणि ब्रासँसच्या कबरीसमोरचं पाणी एकच. हे लक्षात आलं तेव्हा मी तिथल्या कठड्यावर बसून तिएल खात होते, सेतचा तो ऑक्टोपस भरलेला तिखटसर पाव, टोमॅटोचं लालभडक तेल बोटांवरून मनगटापर्यंत ओघळत होतं. मला आधी वाईट वाटलं की माणसानं इतकी गोड विनवणी केली आणि ती पुरती ऐकली नाही. पण कबरीपाशी एक बाप आपल्या छोट्या मुलीला तेच गाणं म्हणून दाखवत होता, शब्द चुकवत, आणि मुलगी त्याला दुरुस्त करत होती. ते तिच्या शाळेत शिकवलं असेल की घरी, कोण जाणे.

गायिका बार्बाराबद्दल लिहायचं तर माझा हात जरा जड होतो. मोनिक सेर्फ हे तिचं खरं नाव. ज्यू घरातली पोर, युद्धाची वर्षं लपतछपत काढलेली. काळे कपडे, काळा पियानो, कापऱ्या धाग्यासारखा आवाज. १९६४ च्या जुलैत तिला जर्मनीतल्या ग्योटिंगेनहून गाण्याचं बोलावणं आलं. जायची तिची इच्छा नव्हती, आणि त्यात कोणाला नवल वाटणार नाही. तरी गेली. जाऊन बघते तर रंगमंचावर उभा पियानो, ज्याच्या आड बसलं की प्रेक्षक दिसत नाहीत. मला मोठा आडवा पियानो लागतो, ती म्हणाली, नाहीतर गाणार नाही. आणि पियानो वाहून नेणाऱ्यांचा त्या दिवशी संप. शेवटी गावातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी आपला पियानो देऊ केला आणि दहा विद्यार्थ्यांनी तो उचलून थिएटरात आणला. कार्यक्रम खूप उशिरा सुरू झाला, लोक थांबून राहिले होते. तिचा मुक्काम आठवडाभर वाढला, आणि निघायच्या आधी थिएटरच्या बागेत बसून तिनं ‘ग्योटिंगेन’ लिहायला घेतलं. त्यात ती कोणाला माफ करत नाही, कोणाला जाब विचारत नाही. तिकडे सेन नाही, पण गुलाब सुंदर आहेत. आणि मुलं काय, पॅरिसची असोत की ग्योटिंगेनची, मुलंच. २००३ मध्ये दोन्ही देशांच्या मैत्री कराराला ४० वर्षं झाली तेव्हा व्हर्सायच्या समारंभात जर्मन चॅन्सेलर श्रोडर यांनी या गाण्याचे शब्द उद्धृत केले. मला त्या समारंभापेक्षा ते दहा विद्यार्थी जास्त दिसतात. भर उन्हाळ्यात रस्त्यानं पियानो नेणारे, एकमेकांना ‘जपून, जपून’ करणारे. त्यांच्यातले पुष्कळसे युद्धाच्या वर्षांत जन्मलेले असणार. ते गाणं त्यांनी अक्षरशः खांद्यावरून आणलं.

आणि ‘नाँत’. वडील नाँत शहरात मरणाच्या दारात आहेत, त्यांना भेटायचंय, असा निरोप येतो. रू द ला ग्रांज-ओ-लू, घर क्रमांक पंचवीस. ती पोचते तेव्हा उशीर झालेला असतो, खोलीत चार अनोळखी माणसं उभी, आणि बाहेर पाऊस. १९५९ च्या डिसेंबरात तिचे वडील खरोखरच असे गेले. त्या नावाचा रस्ता मात्र शहरात नव्हता, तो तिनं रचला होता. १९८६ मध्ये नाँतनं एका रस्त्याला ते नाव देऊन टाकलं, उद्घाटनाला ती स्वतः गेली. रानडेत हे गाणं ऐकून आमच्यातल्या दोघीतिघी रडल्या होत्या. मग ती १९९७ मध्ये गेली आणि पुढच्या वर्षी तिच्या अपुऱ्या आठवणी पुस्तकरूपानं आल्या. त्यात तिनं लिहिलं होतं की लहानपणी याच वडिलांनी तिच्यावर अत्याचार केले होते. ते वाचल्यावर मी कितीतरी महिने ‘नाँत’ ऐकू शकले नाही. गाण्यातली ती मुलगी उशिरा पोचते, वडिलांना गुलाबांखाली निजवते, शांतपणे झोपा म्हणते. हे ती म्हणू शकली हे मला झेपत नव्हतं. अजूनही पूर्ण झेपत नाही. पण आता मी ते ऐकते, आणि तिच्या आवाजात जिथे जरासा श्वास अडकतो तिथे माझाही अडकतो. आधी ते मला वडिलांसाठीचं गाणं वाटायचं. आता ते तिनं स्वतःसाठी म्हटलेलं ऐकू येतं.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. घड्याळही आलं, चावी मी देते. आईला फ्रेंचचा गंध नाही, पण संध्याकाळी मी टीव्हीवर ही गाणी लावली की भाजी निवडत ऐकते. पियाफ तिला आवडत नाही, “फार ओरडते बाई,” म्हणते. ब्रेलकडे बघवत नाही. तिचा लाडका शार्ल अझनावूर. आर्मेनियन निर्वासितांचा हा पॅरिसमध्ये जन्मलेला मुलगा. आवाज नाही, उंची नाही, रूप नाही, असं सुरुवातीला समीक्षकांनी त्याला तोंडावर ऐकवलं होतं. पियाफच्या घरी राहून त्यानं तिची गाडी चालवली, बॅगा उचलल्या, गाणी लिहिली. ‘काल तर मी वीस वर्षांचा होतो’ हे त्यानं चाळिशीत म्हटलं, १९६४ मध्ये. पुढच्या वर्षी ‘ला बोएम’ आलं, शब्द जाक प्लांत यांचे. मोंमार्त्रचा एक चित्रकार आपले उपाशी, उबदार, वेडे दिवस आठवतोय. खिडकीखाली लायलॅक, एक दिवसाआड जेवण, आणि तरी सुख. चाळिशीतल्या माणसाला ते जरा लवकरच होतं. मग तो ते म्हणतच राहिला. पन्नाशीत, सत्तरीत, नव्वदीत. खिशातून पांढरा रुमाल काढायचा, चित्रकार हात पुसतो तसे पुसायचा आणि शेवटी तो रुमाल टाकून द्यायचा. पुढच्या रांगेतले लोक त्यासाठी झटापट करायचे. एकाच गाण्याचे वेगवेगळ्या वर्षांचे कार्यक्रम ओळीनं लावून पाहिले तर दिसतं की सुरुवातीला तो म्हाताऱ्याची भूमिका करतोय, आणि शेवटी शेवटी त्याला काहीच करावं लागत नाही. २०१८ च्या सप्टेंबरात चौऱ्याण्णवाव्या वर्षी तो जपानमध्ये गाऊन आला आणि १ ऑक्टोबरला गेला.

परवा ‘ला बोएम’ चालू होतं. आईनं मेथीची जुडी मांडीवर ठेवली आणि विचारलं, “हा काय सांगतोय एवढं?” मी म्हटलं, “विशीच्या आतल्यांना माहीत नाही अशा एका काळाबद्दल सांगतोय. खायला नव्हतं, पण मजा होती म्हणतोय.” “होतीच की,” आई म्हणाली, जणू तिलाच कोणी विचारलं होतं. आणि मग ती पानशेतच्या पुरावर गेली. १९६१, ती दहा-अकरा वर्षांची, घर नारायण पेठेत. पुराची गोष्ट मी हजारदा ऐकली आहे. पाणी किती चढलं, कोण माळ्यावर अडकलं, भांडी कुठे सापडली. पण त्या दिवशी तिनं नंतरचं सांगितलं, जे कधी सांगितलं नव्हतं. घर राहिलं नाही म्हणून मामांच्या एका खोलीत सगळे कसे राहिले. रात्री पाय लांब करायला जागा नव्हती म्हणून पोरं आलटून पालटून बसून झोपायची. आणि तिच्या वडिलांची बाजाची पेटी गाळातून काढून उन्हात वाळवलेली. लाकूड फुगलेलं, अर्ध्या पट्ट्या दाबल्या की वरच येत नसत, दोन सूर तर कायमचे गेलेले. “त्याच पेटीवर रोज रात्री गाणी. जो सूर गेलाय तो सगळ्यांनी तोंडानं म्हणायचा. मामी आधी वैतागायची, मग तीही म्हणायला लागली. इतकं हसलो नाही गं पुन्हा कधी.” पडद्यावर अझनावूरनं रुमाल टाकला. “टाकला बघ त्यानं,” आई म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

“मग पेटीचं काय झालं?” मी विचारलं.

“विकली. नवं बिऱ्हाड केलं तेव्हा भंगारवाल्याला दिली वडिलांनी, मला शाळेत पाठवून. मला अजून राग येतो.” तिनं देठं बाजूला सारली. “लाव दुसरं. याचंच लाव.”